खंडोबाच्या घोड्याखालची हिरवी पूड

जूनचा तिसरा आठवडा. पाऊस लागून चार-पाच दिवस झाले होते आणि संग्रहालयाच्या स्टोअरमधला आर्द्रतामापक ७८ टक्क्यांवर गेला होता. पदवीच्या तिसऱ्या वर्षाची सहा मुलं प्रात्यक्षिकाला आली होती. देवघरातल्या धातूच्या मूर्तींचा ट्रे काढायचा, एकेक मूर्ती बघायची, कंडिशन रिपोर्ट, म्हणजे तिच्या स्थितीची नोंद, लिहायचा, जागेवर ठेवायची. दोघादोघांच्या जोडीला दिवसभरात आठ मूर्ती. ऐकायला कमी वाटतात, पण नीट बघायचं तर आठच होतात.

नियम पहिल्या वर्षापासूनचेच. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं काढून ठेवायचं. धातूला नायट्राइलचे हातमोजे, कारण घामात मीठ असतं. सुती मोज्यांतून वस्तू निसटते आणि त्यांचे धागे कोरीव कामात अडकतात. टेबलावर पेन नाही, फक्त पेन्सिल. मूर्ती उचलायची ती तळाशी एक हात आणि पाठीशी दुसरा. घोड्याचा पाय किंवा तलवार धरून कधीच नाही.

अकराच्या सुमारास एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे खाली काय पडलंय?"

घोड्यावर बसलेला खंडोबा, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा. अकरा सेंटीमीटर उंचीची ओतीव मूर्ती. मुलीने ती पांढऱ्या टिश्यूवर ठेवली होती आणि घोड्याच्या मागच्या पायाखाली चिमूटभर फिकट हिरवी पूड सांडली होती. पिस्त्याच्या बर्फीचा रंग असतो ना, तसा. तिच्या जोडीदाराचा हात ब्रशकडे गेलाच होता. "झटकून टाकू?"

नाही. आधी स्केल आणि रंगपट्टी ठेवून फोटो, मग पूड काचेच्या छोट्या बाटलीत. झटकली असती तर तपासायला काहीच उरलं नसतं.

टॉर्च आडवा धरून दहापट भिंगातून पाहिलं तर पायाच्या आतल्या बाजूला ओतकामातला एक खड्डा होता आणि पूड तिथूनच येत होती. मूर्तीवर इतरत्रही हिरवं होतं, पण ते गडद, गुळगुळीत, गच्च बसलेलं. लाकडी टूथपिकने टोकरलं तर ते हलत नाही. तो जुना थर आहे, धातूचं काही बिघडवत नाही, तो तसाच राहू द्यायचा. खड्ड्यातलं मात्र टूथपिक लागताच सुटलं आणि खाली करडा, मेणासारखा थर दिसला. इंग्रजीत याला ब्राँझ डिसीज म्हणतात. नाव फसवं आहे. मूर्ती पितळेची की काशाची हे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राशिवाय सांगता येत नाही (रजिस्टरमध्ये म्हणूनच ‘तांब्याचा मिश्रधातू’ लिहायचं, ‘पंचधातू’ नाही), आणि हा रोग एका मूर्तीवरून दुसरीवर उडीही मारत नाही. ज्या मूर्तीत क्लोराइड शिल्लक आहे तिलाच तो होतो.

ते क्लोराइड कुठून आलं? रजिस्टर उघडलं. २०११ ची देणगी, ‘स्थिती: ठीक’. २०१९ च्या तपासणीत ‘किरकोळ हिरवट डाग’. कुठे, केवढा, कोणत्या छटेचा, काही नाही. फोटो नाही. म्हणजे डाग वाढला की होता तेवढाच आहे, हे कळायला मार्ग नाही. असल्या नोंदी करणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे आवाज चढवायची सोय नव्हती. वाचवलं ते देणगीच्या अर्जाने. त्यात कुणी तरी शहाण्या माणसाने ‘घरी कशाने साफ करत होता?’ असा रकाना ठेवला होता आणि देणाऱ्या आजींनी लिहिलं होतं: दरवर्षी चंपाषष्ठीच्या आधी चिंच आणि मीठ.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ते खड्ड्यात बसलं, तांब्याशी जुळलं आणि क्युप्रस क्लोराइड झालं. तोच तो करडा मेणचट थर. कोरड्या हवेत तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. आर्द्रता वाढली की हवेतला ऑक्सिजन आणि पाणी घेऊन त्याची हिरवी पूड होते, आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल खालच्या ताज्या तांब्याला खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा पूड. साधारण ४२ टक्क्यांच्या वर ही गाडी सुटते. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की मूर्ती अगदी निरोगी दिसते. वार्षिक तपासणी उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकण्याची पद्धत म्हणूनच धातूच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

एकाने शंका काढली: "आमच्याकडे तांब्याचा हंडा रोज चिंच-मिठानेच घासतात, त्याला नाही होत ते?" रास्त प्रश्न. हंडा भरपूर पाण्याने धुतला जातो, सपाट असतो आणि पुसून वाळवला जातो. म्हाळसेच्या पदराच्या चुण्यांत आणि घोड्याच्या पोटाखाली पाणी पोचत नाही आणि फडकंही नाही. शिवाय हंडा पुन्हा दुसऱ्या दिवशी घासला जातो. ही मूर्ती तसंच मीठ पोटात घेऊन बारा-चौदा पावसाळे कपाटात बसली होती. कल्हईच्या भांड्यांचं असंच: कल्हईवाला नवसागर टाकतो, तेही क्लोराइडच. या मुलांना कसब्यातल्या तांबट आळीत नेतो ते ठोक्यांच्या खुणा ओळखायला, पण भांड्यावर कुठकुठली रसायनं फिरलेली असतात हेही तिथेच दिसतं.

मग चाचणी. टोचणीच्या टोकावर मावेल एवढी पूड परीक्षानळीत, सौम्य नायट्रिक आम्लाचे काही थेंब, पूड विरघळली की ऊर्ध्वपातित पाणी आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पांढरा, दह्यासारखा साका आला तर क्लोराइड. साका आला. पण शेजारच्या जोडीच्या कोऱ्या नळीतही, जिच्यात पूड नव्हतीच, पाणी दुधट झालं! नळी नळाच्या पाण्याने विसळली होती, आणि नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. कोरी नळी लावलीच नसती तर चूक कळलीही नसती. सगळं ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळून पुन्हा केलं, तेव्हा कोरी नळी स्वच्छ राहिली आणि पुडीच्या नळीत साका आला.

बारावीनंतर संग्रहालयशास्त्राकडे यायचं म्हणणाऱ्यांना रसायनशास्त्र सोडू नका असं सांगते ते यासाठी. पदवीच्या पातळीवर हाताने शिकवणारे अभ्यासक्रम आपल्याकडे कमी. बहुतेक जण इतिहास किंवा पुरातत्त्व करून मग एम.ए.ला वळतात, जसं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, जिथे हा विभाग १९५२ पासून आहे. तोवर रसायन विसरलेलं असतं.

उपचारावर जेवणाच्या सुट्टीनंतरही वाद चालला. पाठ्यपुस्तकी उत्तर बीटीए, म्हणजे बेन्झोट्रायझोल हे गंजरोधक: इथेनॉलमध्ये ३ टक्के द्रावण, मूर्ती चोवीस तास बुडवून. ते विषारी आहे, वाफा बाहेर ओढणाऱ्या धूरकपाटाशिवाय करायचं नाही आणि विद्यार्थ्यांच्या हाती तर मुळीच नाही. पण माझा आक्षेप वेगळा होता. खंडोबाच्या कपाळावर आणि घोड्याच्या मानेवर जुनं कुंकू आणि भंडारा चिकटलेला आहे. बुडवली तर तो जाणार, आणि ही मूर्ती कुणाच्या तरी घरी पुजली जात होती याचा तोच तर पुरावा. म्हणून ठरलं ते असं: खड्ड्यातली पूड आणि निघेल तेवढा मेणचट थर संवर्धकाने भिंगाखाली बारीक स्कॅल्पेलने काढायचा, कुंकवाला हात लावायचा नाही आणि बाकीचं काम कोरड्या हवेवर सोडायचं.

पाच लिटरचा हवाबंद पॉलिप्रॉपिलीन डबा, अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल, आत आर्द्रतेचं कार्ड. जुनं निळं जेल घ्यायचं नाही, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी जेल ओलं झालं की हिरवं होतं. मग ११० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. पहिल्या दिवशी कार्ड ५० च्या खाली जाईना. झाकणाच्या खाचेत फोमचा तुकडा अडकला होता. तो काढल्यावर दुसऱ्या सकाळी ३४.

ट्रेमधल्या उरलेल्या मूर्ती त्याच आठवड्यात पांढऱ्या टिश्यूवर ठेवून पाहिल्या. आणखी तिघींखाली पूड निघाली. त्यांच्या अर्जांत साफसफाईचा रकाना कोरा आहे.

रजिस्टरमध्ये ‘किरकोळ हिरवट डाग’ च्या खाली आता त्या मुलीच्या अक्षरात आहे: ‘घोड्याचा मागचा उजवा पाय, आतली बाजू, ओतकामातला खड्डा ३ × २ मिमी. फिकट हिरवी पूड, लाकडी टोकाने सुटते, खाली करडा मेणचट थर. क्लोराइड चाचणी होकारार्थी. फोटो ४. कपाळावरील कुंकू राखले. पुढील तपासणी १५ जुलै.’