थ्रॉटल बॉडीचा कूलंट बायपास : माझा अनुभव

माझ्याकडे २००० सालची शेव्हर्ले कॅमारो झेड-२८ आहे. ५.७ लिटरचं एलएस-१ व्ही-८ इंजिन, कंपनीच्या कागदावर ३०५ हॉर्सपॉवर. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये उन्हात उभी केली की बॉनेटला हात लावायची सोय नाही. ही गाडी बाळगणारे दोघे भेटले की एक विषय हमखास निघतो : थ्रॉटल बॉडीतून (इंजिनात जाणारी हवा चकतीने कमी-जास्त करणारा भाग) फिरणारं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बाहेरच्या बाहेर वळवा, फुकटात पॉवर वाढते. फुकट म्हटल्यावर आपले कान टवकारणारच.

मी ते काम केलं. पॉवर वाढली नाही, वाढणारही नव्हती. तरी ते करून ठेवलं हे बरंच झालं, असं माझं आजही मत आहे.

आधी हे कूलंट तिथे जातंच कशाला? इंजिनाच्या दोन्ही हेडांत, म्हणजे सिलिंडरांना वरून बंद करणाऱ्या भागांत, सगळ्यात उंच जागी, वाफ आणि हवा साठते. ती निघून जावी म्हणून दोन्ही हेडांना जोडणारी एक बारीक धातूची नळी असते. तिच्यातून निघालेला रबरी पाइप थ्रॉटल बॉडीच्या पोटात शिरतो, आणि दुसऱ्या बाजूने निघणारा पाइप रेडिएटरकडे जातो. म्हणजे हे एकच पाणी दोन कामं करतं : वाफ वाहून नेतं आणि जाता जाता थ्रॉटल बॉडी गरम ठेवतं. गरम का ठेवायची, तर थंड आणि दमट हवेत, थ्रॉटलची चकती जेमतेम उघडी असताना, फटीतून सुसाट जाणारी हवा आणखी गार होते आणि चकतीच्या कडेला बर्फ धरू शकतो. मग चकती अडकते, आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा मंद वेग) बिघडतो.

मिरजेला माझे मामा आहेत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं. फोनवर बेत सांगितला तर म्हणाले, "अरे, कंपनीने लावलंय ते काय वेळ जात नाही म्हणून लावलंय? आधी बघ, ते पाणी कुठून येतं आणि कुठे जातं." मामांचा हा प्रश्न या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निघाला. कारण काही महाभाग दोन्ही पाइप काढून तोंडांना बुचं मारतात आणि झालं म्हणतात. थ्रॉटल बॉडी गार होते खरी, पण हेडातली वाफ कोंडते, आणि जिथे वाफ तिथे पाणी नाही, जिथे पाणी नाही तिथे अ‍ॅल्युमिनियम तापतं. त्यामुळे हे कूलंट बंद करायचं नसतं, फक्त थ्रॉटल बॉडीला वळसा घालून थेट रेडिएटरकडे न्यायचं असतं.

दुसरी गोष्ट तपासली ती आयडलची. जुन्या बऱ्याच होंडा गाड्यांत आणि पहिल्या पिढीच्या १.६ लिटरच्या माझदा एमएक्स-५ मध्ये थ्रॉटल बॉडीला एक मेणाचा व्हॉल्व्ह असतो. कूलंट तापलं की मेण फुगतं आणि इंजिनाचा थंडीतला वाढीव आयडल खाली येतो. तिथे कूलंट तोडलं तर मेण गारच राहतं आणि इंजिन गरम झाल्यावरही ओरडत बसतं. माझ्या कॅमारोत तसं नाही. थ्रॉटल केबलचा आहे, पण आयडलची हवा एक छोटी मोटर सांभाळते, आणि तिला हुकूम देणारा कॉम्प्युटर कूलंटचं तापमान इंजिनावरच्या वेगळ्या सेन्सरवरून वाचतो. म्हणून वाट मोकळी होती. तुमची गाडी दुसरी असेल तर हे पाहिल्याशिवाय पक्कड हातात घेऊ नका.

सामान थोडंच लागतं. पक्कड, पाण्यासाठी ट्रे, चिंध्या, क्लिपा आणि नवा पाइप. पाइपाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. व्हॅक्यूमचा किंवा पेट्रोलचा पाइप त्याच मापाचा मिळतो आणि दिसायलाही तसाच असतो, पण तो कूलंटमधल्या गरम ग्लायकॉलसाठी बनवलेला नसतो. काही महिन्यांत फुगतो, नाहीतर चिरतो. हीटर किंवा कूलंटसाठी म्हणून विकला जाणारा ईपीडीएम रबराचाच घ्यायचा. तो कशासाठी आहे ते बहुधा त्याच्या अंगावर छापलेलंच असतं. बरेच जण जुनेच दोन पाइप मध्ये प्लास्टिकचा किंवा पितळेचा जोड घालून एकमेकांना जोडतात. मला जोड नको होता. जोड म्हणजे गळायला आणखी दोन जागा. म्हणून हेडच्या नळीपासून रेडिएटरकडच्या टोकापर्यंत एकच अखंड पाइप टाकायचं ठरवलं.

इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात केली. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेतली. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे चेहरा भाजून घेणं. आत दाब असतो आणि पाणी शंभरच्या वर असूनही उकळत नसतं, झाकण फिरलं की उकळतं. गार असताना झाकण फिरवून दाब सोडला, खालच्या तोटीतून थोडं कूलंट ट्रेमध्ये उतरवलं, म्हणजे वरचे पाइप काढताना फार सांडत नाही. कॅमारोचं अर्धं इंजिन काचेखाली दडलेलं असतं, स्पार्क प्लग बदलायचे तर कंबर मोडते. पण थ्रॉटल बॉडी अगदी पुढे, हाताशी. या गाडीवर असं सोपं काम क्वचितच वाट्याला येतं.

स्प्रिंगच्या क्लिपा पकडीने दाबून मागे सरकवल्या. जुना पाइप नळीवर चिकटून बसलेला असतो. ओढू नका, आधी पिळून सैल करा. धातूची ती बारीक नळी वाकली तर पुढचं काम वाढतं. नवा पाइप लावताना खरी डोकेदुखी वळणांची. कंपनीचे पाइप साच्यातून वळवलेले असतात, दुकानातला सरळ असतो, आणि तंग वळणावर तो दुमडतो. दुमडला की वाट बंद, म्हणजे बूच मारल्यासारखंच. मी गरजेपेक्षा लांब पाइप घेतला, बेल्टपासून लांब ठेवून मोठं गोल वळण दिलं आणि मगच कापला. थ्रॉटल बॉडीच्या रिकाम्या तोंडांवर रबरी टोप्या बसवल्या. आता आत दाब वगैरे काही नाही, पण कोळी घर करायला नको.

मग कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा काढणं. गाडीचं नाक रॅम्पवर चढवलं, म्हणजे रेडिएटरचं तोंड उंच राहतं. डेक्सकूल, तेच नारिंगी कूलंट, निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. हिरवं जुन्या पद्धतीचं कूलंट यात मिसळू नये. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं, पातळी खाली जाईल तशी भर घातली, थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडल्यावर झाकण लावलं. ऑगस्टमध्ये हीटर लावून गॅरेजमध्ये उभं राहण्याचा योग घामाघूम करणारा होता. गार झाल्यावर पुन्हा पातळी पाहिली, पुढचे काही दिवस रोज सकाळी पाहिली. ट्रेमधलं कूलंट डब्यात भरून झाकण लावलं आणि शहराच्या घातक कचरा केंद्रात दिलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आता पॉवरचं. ओबीडी रीडरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, आत येणाऱ्या हवेचं तापमान आधी आणि नंतर पाहून काही लोक निष्कर्ष काढतात. पण या गाडीत तो सेन्सर एअर फिल्टरच्या झाकणात, थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे असतो! थ्रॉटल बॉडी बर्फासारखी करा नाहीतर तवा करा, त्या आकड्याला पत्ता लागत नाही. म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. ६००० आरपीएमला ५.७ लिटरचं इंजिन, सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं तर, सेकंदाला सुमारे २८५ लिटर हवा ओढतं. थ्रॉटलचं भोक ७५ मिलिमीटरचं. म्हणजे हवा सेकंदाला ६० मीटरहून जास्त वेगाने जाते आणि साधारण दहा सेंटिमीटर लांबीच्या त्या बॉडीत सेकंदाच्या हजारांश भागांपैकी एक-दीड भाग थांबते. तेवढ्यात ती काय तापणार? आणि समजा एक अंश गार झाली, तर घनता एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास वाढेल. ३०५ मध्ये जेमतेम एक हॉर्सपॉवर. त्याहून जास्त फरक मी मंडळाच्या कार्यक्रमाला न जेवता गेलो तर पडेल.

हाताला मात्र फरक कळला. थ्रॉटल बॉडीवर काळी टेप लावून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजत होतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खोटं सांगतो, टेपवर खरं. पूर्वी फ्रीवेवरून आल्यावर बॉडी कूलंटच्या तापमानाच्या जवळपास असायची, आता हात ठेवता येतो. पण सिग्नलला दहा मिनिटं अडकलो की इंजिनाच्या उष्णतेने ती पुन्हा तापतेच. थ्रॉटल बॉडीमागचा, हवा सिलिंडरांना वाटून देणारा मॅनिफोल्ड नायलॉनचा असल्याने खालून येणारी उष्णता आधीच कमी आहे.

मग फायदा कुठे झाला? साफसफाईत. थ्रॉटलच्या चकतीमागे काळं तेलकट किटण साचतं आणि ते काढायला बॉडी उतरवावी लागते. आधी त्यासाठी कूलंट उतरवा, पाइप काढा, मग पुन्हा भरा, पुन्हा हवा काढा. आता तीन बोल्ट, वायरींचे दोन प्लग आणि केबल. थेंबही न सांडता बॉडी बाकावर येते.

ह्यूस्टनमध्ये बर्फाची धास्ती फारशी नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत इथेही नळ गोठले, पण तशा दिवशी ही गाडी बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीतल्या मिनिआपोलिसच्या एका मित्राने हेच करू का विचारलं, त्याला मी साफ नको म्हटलं. माझे जुने पाइप पिशवीत घालून, कोणता कुठे लागतो ते लिहून, डिकीत स्पेअरच्या बाजूला ठेवले आहेत. गाडी उत्तरेकडच्या कोणाला विकली तर पिशवी सोबत जाईल.