विंडोजवर डब्ल्यूएसएल: आधी कोड कुठे ठेवायचा ते ठरवा

विंडोजच्या लॅपटॉपवर वेब डेव्हलपमेंट करायची तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) हा आज सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. त्यात खराखुरा लिनक्स कर्नल चालतो, त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर जे चालेल तेच आपल्या मशीनवरही चालतं. तरी ‘एनपीएम इन्स्टॉल संपतच नाही’, ‘फाइल सेव्ह केली तरी ब्राउझरमध्ये काही बदलत नाही’ अशा तक्रारी नेहमीच्या. त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम; एनपीएम हे त्याची पॅकेजेस बसवायचं साधन) लिनक्समध्ये आणि कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.)

इन्स्टॉल करणं सोपं आहे. पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आपोआप येतं आणि युजरनेम-पासवर्ड विचारतं. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो. ०एक्स८०३७०१०२ असा एरर आला तर आधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन ‘एनेबल्ड’ आहे का ते बघा. नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करा. इंटेलवर ते व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम या नावाने सापडतं.

आता मुख्य मुद्दा. उबुंटूमध्ये सी ड्राइव्ह ‘/एमएनटी/सी’ या फोल्डरखाली दिसतो, म्हणून लोक तिथल्याच जुन्या प्रोजेक्टमध्ये शिरून काम सुरू करतात. पण तिथली प्रत्येक फाइल नाइन-पी प्रोटोकॉलमधून, दोन सिस्टिमच्या सीमेवरून ये-जा करते. एखादी मोठी फाइल वाचताना ते जाणवत नाही. नोड-मॉड्यूल्स या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये मात्र हजारो चिमुकल्या फाइली असतात आणि प्रत्येकीला हा जकात नाका लागतो. शिवाय फाइल बदलल्याची वर्दी देणारी लिनक्सची आयनोटिफाय यंत्रणा या सीमेपलीकडचे बदल बघत नाही. त्यामुळे विंडोजच्या एडिटरमधून फाइल सेव्ह केली तरी व्हीटला (काम चालू असताना साइट ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या साधनाला) पत्ताच लागत नाही. त्याचं ‘यूजपोलिंग’ सेटिंग चालू करून ते चालवता येतं, पण मग प्रोसेसर सतत फाइली तपासत बसतो आणि पंखा थांबत नाही. मलमपट्टीच ती.

म्हणून कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. जुना प्रोजेक्ट एक्सप्लोररमधून ओढून आणू नका, तिथे नव्याने गिट क्लोन करा. ओढून आणला तर सोबत विंडोजचं नोड-मॉड्यूल्सही येतं. ईएसबिल्डसारख्या पॅकेजमध्ये प्लॅटफॉर्मनुसार वेगळी बायनरी असते, त्यामुळे ते लिनक्समध्ये चुकीच्या प्लॅटफॉर्मचा एरर देतं. तसं झालंच तर ते फोल्डर उडवून ‘एनपीएम सीआय’ चालवा. हे लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या आवृत्त्याच बसवतं. लॉक फाइल गिटमध्ये असायलाच हवी, हे वेगळं सांगायला नको.

नोड एनव्हीएममधून (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून) घ्या आणि आवृत्ती ‘.एनव्हीएमआरसी’ फाइलमध्ये लिहून ठेवा. सम आकड्याची घ्या, कारण दीर्घकाळ सपोर्ट त्यांनाच मिळत आलाय. इथे एक छुपा सापळा आहे. डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ (आज्ञा जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) लिनक्सच्या पाथला मागून जोडतं. उबुंटूमध्ये नोड नसेल पण विंडोजवर असेल, तर ‘एनपीएम’ म्हटल्यावर विंडोजचं एनपीएम धावून येतं आणि भलतेच एरर देतं. ‘विच एनपीएम’ विचारा. उत्तर ‘/एमएनटी/सी’ने सुरू झालं तर चोर सापडला.

व्हीएस कोड हा एडिटर विंडोजवरच इन्स्टॉल करायचा, त्यात डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन घ्यायचं आणि उबुंटूमधल्या प्रोजेक्ट फोल्डरमधून ‘कोड .’ द्यायचं. खाली डाव्या कोपऱ्यात ‘डब्ल्यूएसएल: उबुंटू’ दिसलं पाहिजे. ईएसलिंटसारखी एक्स्टेन्शन्स त्या बाजूला पुन्हा बसवावी लागतात.

‘बॅड इंटरप्रिटर’ या एररमध्ये ‘^एम’ दिसलं की ओळी विंडोजच्या पद्धतीने संपल्यात असं समजा. रेपोमध्ये ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल करून ‘* टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ’ ही ओळ टाका आणि ‘गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .’ करून कमिट करा. प्रत्येकाच्या मशीनवरच्या ‘ऑटोसीआरएलएफ’ या गिटच्या ओळ-शेवट बदलणाऱ्या सेटिंगवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

८ जीबी रॅमवाल्यांसाठी: डब्ल्यूएसएल एरवी निम्म्या रॅमपर्यंत पसरू शकतं आणि वर क्रोम असतोच. विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाइल करा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘डब्ल्यूएसएल२’ आणि खाली ‘मेमरी=३जीबी’. साध्या फ्रंटएंड कामाला तेवढी पुरते. बिल्ड मध्येच ‘किल्ड’ म्हणून बंद पडायला लागला तर वाढवा. नोटपॅड या फाइलला गुपचूप ‘.टीएक्सटी’ शेपूट लावतं आणि मग सेटिंग लागूच होत नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नंतर ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ द्या, कारण फाइल पुढच्या वेळी सुरू होतानाच वाचली जाते.

हे सगळं लिनक्स तुमच्या डिस्कवर एकाच व्हीएचडीएक्स फाइलमध्ये साठतं. ती आपोआप वाढते, पण आतल्या फाइली पुसल्या म्हणून आपोआप आक्रसत नाही. काही बिघडलं की ‘डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर’ करून नव्याने बसवा, असा सल्ला सर्रास मिळतो. ती आज्ञा होम फोल्डरसकट सगळं पुसते. आधी ‘डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट’ने टार फाइल काढून घ्या, निदान सगळ्या ब्रँच पुश करा आणि गिटबाहेर राहिलेल्या ‘.ईएनव्ही’ (गुप्त की, पासवर्ड असलेल्या) फाइली बाजूला काढा.