आजीचं मुखशिल्प, ऑइल क्ले आणि नागपूरचं ऊन

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईला शिल्पासाठी वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर, रविवारी दुपारी थोडा, मग दोन-चार दिवस काहीच नाही. ओल्या मातीला हे चालत नाही. तिच्यावर ओलं फडकं घाला, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, फडकं वाळलं की पुन्हा पाणी शिंपडा. लग्नाला म्हणून चार दिवस गावाला गेलं की परत येईपर्यंत नाकाच्या शेंड्याला तडा गेलेला असतो आणि आतल्या तारेमुळे मानेला उभी भेग पडलेली असते. माती आटते, तार आटत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर फडकं तासाभरात कडक होतं. आमच्या चितार ओळीतले मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या मातीत काम करतात, पण ते दिवसभर तिच्यापाशी बसलेले असतात. माझ्या कामात खंड पडणारच होता. म्हणून आजीचं मुखशिल्प करायचं ठरवलं तेव्हा मी ऑइल क्ले घेतली.

या मातीत पाणी नसतंच. बारीक भुकटी, तेल आणि मेण यांचं ते मिश्रण असतं, त्यामुळे ती वाळत नाही, आटत नाही, तडकत नाही. शाळेतली मुलं ज्या रंगीत कांड्यांशी खेळतात त्या याच घराण्यातल्या. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये प्लॅस्टिसीन बनवलं ते आपल्या विद्यार्थ्यांना न वाळणारी माती हवी होती म्हणून. ते कलाशिक्षक होते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्याआधी १८८० मध्ये म्युनिकच्या फ्रान्झ कोल्ब यांनी अशीच माती तयार केली होती. आज मोटारींच्या डिझाइन स्टुडिओंत पूर्ण आकाराच्या गाड्या याच जातीच्या, पण पुष्कळ कडक मातीत कोरून बघतात.

मुलांच्या कांड्या मुखशिल्पाला मात्र कामाच्या नाहीत. त्या फार मऊ असतात, धार धरत नाहीत, आणि रंगांमुळे डोळा फसतो. शिल्पाचं सगळं काम सावलीवर चालतं. राखाडी, मातकट तपकिरी किंवा फिकट हिरवट अशा एकाच मधल्या रंगात ओठाखालची सावली किती खोल आहे ते नीट कळतं.

माती निवडताना दोन गोष्टी बघाव्या लागल्या. पहिली म्हणजे कडकपणा. ही माती मऊ, मध्यम आणि कडक अशी मिळते. थंड देशातले लोक मध्यम घ्या म्हणून सांगतात, पण त्यांची खोली वीस-बावीस अंशांवर असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि बंद खोलीत चाळीसच्या आसपास सहज असतो. त्या उष्णतेत मध्यम माती मऊ होऊन हनुवटी खाली ओघळते. मी कडक घेतली आणि विदर्भात राहणाऱ्या कुणालाही तीच घ्यायला सांगेन. थंडीत ती हातानं वळत नाही, पण तापवता येते. मऊ मातीला उन्हाळ्यात थंड ठेवणं त्याहून कितीतरी अवघड आहे.

दुसरी गोष्ट गंधकाची, आणि साचा काढायचा असेल तर हीच सगळ्यात महत्त्वाची. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच ऑइल क्लेमध्ये भुकटी म्हणून गंधक घालतात. त्यानं माती गुळगुळीत होते, टूल सुंदर चालतं. पण साच्याच्या सिलिकॉन रबरचे दोन प्रकार आहेत. एक प्लॅटिनमच्या संयुगानं घट्ट होणारं, दुसरं टिनच्या. प्लॅटिनमवालं गंधकाला लागलं की तिथे ते पिकतच नाही, मातीलगतचा थर कायमचा चिकट राहतो. नेमका तोच थर चेहऱ्याची नक्कल घेणारा असतो, म्हणजे साचाही गेला आणि शिल्पही बरबटलं. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही हाच घोळ होतो. टिनवालं रबर गंधकाला जुमानत नाही, फक्त ते किंचित जास्त आटतं आणि त्याचा साचा कमी वर्षं टिकतो. मला दोन-तीनच प्रती काढायच्या होत्या, म्हणून टिनवालं रबर पुरेसं होतं. तरीही माती मी बिनगंधकाची घेतली, कारण ती पुढे वर्षानुवर्षं वापरायची आहे आणि पुढच्या साच्याला कोणतं रबर लागेल ते आज कुणी सांगावं? लेबलवर काहीही लिहिलेलं असो, मातीच्या एका गोळ्यावर चमचाभर रबर ओतून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी सोलून बघायचं. स्वच्छ सुटलं तर पुढे जायचं. एवढी चाचणी मी दर वेळी करते.

ही माती महाग असते आणि जड असते, त्यामुळे आतून ती भरायची नाही. लाकडी पाटावर उभा पाइप, त्याला ॲल्युमिनियमच्या जाड तारेची दोन कडी, आणि त्यावर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा घट्ट दाबलेला गोळा, कवटीपेक्षा बोटभर लहान. मोठं डोकं असेल तर लाकडाच्या छोट्या फुल्या तारेनं आत टांगतात, म्हणजे माती स्वतःच्या वजनानं घसरत नाही. माझं शिल्प खऱ्या डोक्याच्या निम्म्याहून थोडंच मोठं होतं, फॉइलवर भागलं.

माती तापवायला लोक दिव्याची पेटी करतात, जुना पिवळा बल्ब आणि खोका. आमच्याकडे गच्ची आहे. मातीचे काप करून स्टीलच्या डब्यात घालायचे, डबा काळ्या प्लॅस्टिकखाली उन्हात ठेवायचा. अर्ध्या तासात माती पेढ्याच्या खव्याइतकी मऊ होते आणि अंगठ्यानं फॉइलवर दाबत चिकटवता येते. थंडीच्या दिवसांत उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून तेच करायचं. थेट गॅसवर कधीही नाही. तेल-मेण पेट घेतं, आणि वितळलेली माती कातडीला चिकटून भाजत राहते.

मोठे आकार मऊ मातीत झटपट झाले. कपाळ, गालांची हाडं, बसलेल्या गालफडांचे खळगे, कवटीचा मागचा फुगवटा. त्यानंतर मात्र माती थंड होऊ द्यावी लागते. खरं काम गार, कडक मातीत होतं. तेव्हा ती खरवडली जाते, दाबली जात नाही. सायकलच्या चाकाचा आरा वाकवून आणि गिटारची तार लाकडी दांडीला बांधून मी माझी टूल्स केली आहेत. बाजारातल्या लूप टूलपेक्षा, म्हणजे टोकाला तारेची कडी असलेल्या हत्यारापेक्षा, मला तीच आवडतात, कारण पापणीच्या कोपऱ्यात नेमकी तेवढीच बारीक तार जाते. उन्हाळा लागल्यावर मी पहाटे काम करायची आणि दुपारी शिल्प कूलरसमोर ठेवून द्यायची. कूलरच्या दमट वाऱ्यानं ओल्या मातीचं काय झालं असतं ते सांगता येत नाही, ऑइल क्लेला त्याचं काहीच नसतं.

आजी समोर खुर्चीवर बसायची, तिच्या हातात वाती वळायचं काम. मी तिच्या डोळ्यांभोवती फार वेळ रेंगाळत होते तेव्हा ती म्हणाली, "माह्या सुरकुत्या मोजून रायली का वं?" मी खरंच मोजत होते. सुरकुती ही रेघ नसते हे मला त्या दिवसांत कळलं. ती दोन फुगीर कडांमधली दरी असते. टोकदार टूलनं सरळ ओरखडा काढला की चेहरा चिरल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय असा: भाजीच्या पातळ पिशवीचा तुकडा मातीवर अंथरायचा आणि वरून बोथट टूलनं सुरकुती दाबायची. प्लॅस्टिकमुळे कडा आपोआप गोल होतात. पिशवी उचलली की खाली कातडीच दिसते. गालावरची छिद्रं संत्र्याच्या सालीनं येतात. सालीवर रबरचा पातळ थर देऊन त्याचा शिक्का करून घ्यायचा आणि तो हलक्या हातानं गालावर टेकवायचा. नागपुरात संत्र्याची साल कधी कमी पडत नाही. शेवटी मऊ कुंचला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून चेहऱ्यावरून फिरवला, म्हणजे टूलचे बारीक चरे विरतात. खिडक्या उघड्या हव्यात आणि देवघरातला दिवा विझलेला.

आजीच्या कानांच्या पाळ्या दागिन्यांनी ओघळलेल्या आहेत. डोक्यावरचा पदर कानामागून खाली येतो आणि त्याच्या आत पोकळी राहते. प्लास्टरचा कडक साचा अशा ठिकाणी अडकतो, तो अनेक तुकड्यांत करावा लागला असता. रबर वाकतं, म्हणून तो पदर तसाच ठेवता आला. इथे मी तडजोड केली नाही याचं मला फार समाधान आहे.

साचा काढायला मी पहाटे पाचची वेळ धरली. उष्णतेत रबर लवकर घट्ट होतं, दुपारी वाटीतच बसलं असतं. माझ्या रबरला वजनाच्या तीन टक्के कॅटॅलिस्ट, म्हणजे रबर पिकवणारं द्रव्य, लागतो. तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजायचा, डोळ्यानं नाही. पहिला हात अगदी पातळ, कुंचल्यानं, सुरकुत्यांत फुंकर घालत, कारण तिथे हवेचा एक बुडबुडा राहिला तर प्रत्येक प्रतीत आजीच्या डोळ्याखाली चामखीळ येणार. तो थर चिकट असतानाच दुसरा, मग रबर ओघळू नये म्हणून दाटपणा आणणारं वेगळं द्रव्य घालून जाड थर, कानामागच्या पोकळीत जास्तीचा. सगळीकडे साधारण बोटाच्या जाडीइतकं कवच झालं. बाहेरून रबरचेच चार-पाच उंचवटे चिकटवले, म्हणजे वरच्या कवचात रबर प्रत्येक वेळी त्याच जागी बसतं.

नुसतं रबर लुळं असतं, त्याला बाहेरून प्लास्टरचं कडक कवच लागतं. ते दोन अर्ध्यांत केलं. कानांवरून जाणारी मातीची भिंत उभारायची, पुढचा अर्धा प्लास्टर आणि काथ्यानं भरायचा, भिंत काढायची, कडेला व्हॅसलीन भरपूर चोळायचं आणि मागचा अर्धा भरायचा. व्हॅसलीन कुठे सुटलं तर दोन्ही अर्धे एकजीव होतात. प्लास्टर बसताना चांगलंच तापतं, आतली माती त्यानं मऊ पडते, पण तोवर रबरनं चेहरा घेतलेला असतो.

कवच उघडलं, रबरला मागून नागमोडी चीर दिली आणि हळूहळू सोललं. आतल्या मातीचं नाक रबरबरोबर ओढलं गेलं, पदराची कड फाटली. साच्यात मात्र प्रत्येक रेष जशीच्या तशी होती. उलटा धरून बघितला तर खोलगट चेहरा बाहेर आलेला वाटतो आणि आपण हलू तशी नजर वळते. आजीनं तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला.

प्लास्टरची प्रत पोकळ काढली. साचा उलटा धरून थोडं प्लास्टर ओतायचं, सगळीकडे फिरवायचं, पुन्हा थोडं, शेवटच्या थरात काथ्या. वजन कमी राहतं आणि भिंतीवर टांगता येतं. एक प्रत आत्याकडे अमरावतीला गेली, एक आमच्या बैठकीत आहे.

राहिली माती. फॉइलवरून ती ढलप्यांनी निघाली. आतली तार, रबरचे चिकटलेले तुकडे वेचून काढले. तळाशी प्लास्टरचे शिंतोडे लागले होते, तो भाग कापून सरळ टाकून दिला. त्यात कंजुषी करू नये. प्लास्टरचा एक कण मातीत राहिला तर पुढच्या शिल्पाच्या गालावरून टूल फिरवताना तो बरोबर तिथेच ओरखडा काढतो. उरलेली माती पाण्याच्या पातेल्यावर वितळवून जुन्या स्टीलच्या चाळणीतून ट्रेमध्ये ओतली. जरा भुसभुशीत झाली होती, म्हणून चमचाभर व्हॅसलीन मिसळलं. ती चाळणी आणि ते पातेलं आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. आणि माझ्याकडे एका मित्राने दिलेली थोडी गंधकवाली मातीही आहे, तिचा डबा वेगळा, टूल्स वेगळी, झाकणावर मोठ्या अक्षरांत 'गंधक' लिहिलेलं. दोन्ही एकदा मिसळल्या की चांगली मातीही प्लॅटिनमच्या रबरला निकामी होते. बिनगंधकाच्या डब्यातून आता आजीच्या वाती वळणाऱ्या हातांचं काम सुरू केलं आहे, आणि त्या साच्याला यंदा प्लॅटिनमवालंच रबर घेणार आहे.