अर्धा कप चहा आणि बाबांची थॅलियम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तसे बरेच आहेत, उपवनला वॉकला भेटणारे, बिल्डिंगमधले, परवा तर लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी पण विचारलं. प्रश्न एकच, बाबांची हार्टची टेस्ट खरंच चहामुळे रद्द केली का, एका कपाने असं काय होतंय?

हो, केली. आणि कप पण अर्धाच होता.

बाबा ७१ चे, गुडघे गेलेले, म्हणजे ट्रेडमिल बादच. अशांना इंजेक्शन देऊन स्ट्रेस टेस्ट करतात, सगळे तिला थॅलियम म्हणतात, पण रक्त कुठे पोचलं ते फोटोत दिसावं म्हणून टोचायचं किरणोत्सर्गी औषध असतं बहुतेक टेक्नेशियम. फोनवर बजावलं होतं की २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट काही नाही. आईने चहाचा डबा वरच्या फळीवर ढकलला, तर हे महाशय पहाटे साडेपाचला दूध आणतो म्हणून खाली उतरले. आम्ही घोडबंदरचं ट्रॅफिक तुडवून दहाला पोचलो, टेक्निशियन मुलीने विचारलं, "आजोबा, चहा वगैरे घेतला नाही ना?" बाबा म्हणाले, "चहा कुठे, कटिंग घेतली फक्त."

झालं. मी चिडलो, आणि बाबांवर नाही, त्या मुलीवर. औषध फुकट जाणार होतं ना, टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, उद्यासाठी ठेवून देता येत नाही.

तिने जे सांगितलं ते मात्र पटलं. ट्रेडमिलऐवजी देतात ते इंजेक्शन वेगळं, ते असतं ॲडेनोसिनचं (आपल्या शरीरातही तयार होतं ते) किंवा त्याच्याच जातकुळीतलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर त्याच्या बसायच्या जागा असतात, तिथे ते बसलं की चांगली नळी मस्त रुंदावते आणि ब्लॉकेजवाली फारशी रुंदावत नाही, कारण ती आधीच जेवढी ताणायची तेवढी ताणलेली असते. मग एका भागात रक्त भरपूर, एका भागात कमी, हा फरकच फोटोत पकडायचा असतो. आणि कॅफिन काय करतं, तर कल्याण लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात तसं त्याच जागांवर आधीच बसतं. (चहाने झोप उडते ती पण याचमुळे, मेंदूत झोप आणणारं ॲडेनोसिन उभंच राहतं.) नळ्या नीट रुंदावल्या नाहीत की सगळं सारखंच दिसतं आणि रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे चहा पिऊन टेस्ट केली तर बाबांना काही झालं नसतं हो, उलट पेढे वाटले असते आम्ही, ब्लॉकेज आत तसंच ठेवून. मला भीती वाटली ती याची.

अर्धं कॅफिन उतरायलाच साधारण ५ तास लागतात, त्यामुळे साडेपाचची कटिंग दहाला चांगलीच शिल्लक.

काहीजण म्हणतात आमची तर ट्रेडमिलवाली आहे, आम्हाला कशाला पथ्य? चालून हार्ट रेट हवा तेवढा चढला नाही तर ऐनवेळी इंजेक्शनवर जावं लागतं, म्हणून. आणि दम्यासाठी थिओफायलिनची गोळी चालू असेल तर ती पण आधी सांगा, ती कॅफिनचीच चुलत बहीण. पण बंद करायची का ते डॉक्टरला विचारून, आपल्या मनाने नको.

दुसऱ्या तारखेला अजून गंमत. बाबांनी चहा खरंच सोडला, सोडल्यामुळे रात्री डोकं ठणकायला लागलं, आणि शेजारच्यांनी प्रेमाने डोकेदुखीची गोळी दिली. सकाळी मी सहज स्ट्रिप उलटी केली, मागे बारीक अक्षरात, कॅफिन ५० एमजी. परत फोन, परत तारीख.

तिसऱ्यांदा आईने त्यांना रात्रभर समोर सोफ्यावर झोपवलं, दाराची किल्ली स्वतःच्या उशीखाली. टेस्ट झाली. इंजेक्शन चढताना छातीवर दडपण आलं, चेहरा लाल झाला, दोनेक मिनिटांत उतरलं. फोटो काढून झाल्यावर मुलगी म्हणाली, आजोबा, आता प्या चहा.

कँटीनचा चहा एक घोट घेऊन बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, पाणचट आहे, घरी चल.