चेतन, चष्मा आणि गिऱ्हा

थ्रीडी सिनेमा घरच्या टीव्हीवर, चष्म्याशिवाय बघितला की एक गंमत लक्षात येते. त्यातली माणसं काही कारण नसताना आपल्या दिशेने वस्तू रोखत असतात. थेट डोळ्यांसमोर आणतात, क्षणभर तशाच धरतात आणि निमूट मागे घेतात. गणपतीच्या सुट्टीत कोकणातल्या आरवलीच्या घरी ‘छोटा चेतन’ लावला होता. अर्ध्या तासात पुतण्या वैतागला. ‘‘काका, हे सारखं सारखं काय दाखवतायत आपल्याला?’’

याच वस्तू चुकवायला मी एकेकाळी मुंबईच्या थिएटरात खुर्चीखाली जाऊन बसलो होतो, हे त्याला सांगावंसं वाटेना.

मूळ सिनेमा मल्याळम, ‘माय डिअर कुट्टिचातन’. जिजो पुन्नूस यांनी 1984 साली केलेला, भारतातला पहिला थ्रीडी. तेव्हा डोळ्यांची साथ थिएटरातल्या चष्म्यांमुळे पसरते अशी आवई उठली. मग चष्मे दर खेळाला धुतले जातात, हे पटवायला प्रेम नझीर, रजनीकांत, अमिताभ बच्चन अशा बड्या मंडळींना पडद्यावर आणावं लागलं. मामाने मला नेलं ते 1998 साली, उर्मिला मातोंडकरचे नवे प्रसंग घालून हिंदीत पुन्हा आणला तेव्हा. आता बघताना तो सांधा ढळढळीत दिसतो. उर्मिला अठ्ठ्याण्णवची, मुलं चौऱ्याऐंशीची. तेव्हा कुणाचं लक्ष होतं? मी मांत्रिकाकडे बघत होतो.

गोष्ट साधी. एका दुष्ट मांत्रिकाने चेतन नावाच्या पोरवयाच्या भुताला मंत्राने बांधून ठेवलंय, गुप्तधनासाठी. तीन मुलं त्याला सोडवतात आणि मग त्यांची गट्टी जमते. पोरांना आवडावं असं सगळं त्यात आहे, पण मला तो मांत्रिक पुरला. घाबरून चष्मा काढला, तर तो जाण्याऐवजी दोन मांत्रिक दिसायला लागले. त्या पडद्यावर दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं एकदम पडलेली असतात आणि चष्म्याच्या काचा ज्याचं त्याला वाटून देतात, हे शास्त्र मला फार पुढे कळलं. एका मांत्रिकापासून पळावं तर दोन, यावर उपाय म्हणजे खुर्चीखालची जागा.

ती भीती मी कोकण रेल्वेने गावी आणली. रेल्वे त्याच वर्षी पूर्ण सुरू झाली होती. रात्री मागच्या पडवीत जायला आजीला सोबत न्यायला लागलो. तिने कारण विचारलं, मी सगळी स्टोरी सांगितली. आजीला भुताखेतांचं नवल नव्हतं. जागेवाल्याला, म्हणजे जागा राखणाऱ्या अदृश्य राखणदाराला, वर्षाची राखण कधी द्यायची, कोंबडा कुठला, हे सगळं तिच्याकडे. गावचा देव वेतोबा रात्री हद्दीत फिरतो, म्हणून त्याला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात आणि त्या झिजतात, हे ती पावसापाण्यासारखं सांगायची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे गिऱ्ह्यासारखा.’’

गिऱ्हा पाण्याजवळचा. खाडीकाठाने रात्री एकट्यादुकट्याला भुलवून पाण्यात नेणारा. पण कुणा हिकमती माणसाने त्याची शेंडी कापून लपवून ठेवली, की तो त्या घरचा चाकर होतो. पाणी भरतो, शेत नांगरतो, रात्रीत पर्वताएवढं काम उरकतो आणि शेंडी परत द्या म्हणून विनवत राहतो. आजीच्या मते मांत्रिकाने नवीन काही केलं नव्हतं. तिला वेगळीच शंका होती. ‘‘आणि तो मांत्रिक तेका जेवक घालता काय रे?’’

मला आठवेना. भीतीपोटी मी तेवढं बघितलंच नव्हतं.

यंदा मुद्दाम बघितलं, तेव्हा मांत्रिक अगदीच फुसका वाटला. दाढी, डोळे वटारणं, गडगडाट. दशावतारातला राक्षस याहून बरा, निदान तो रंगपटात आपल्यासमोर चहा पितो. मात्र लहानपणी ज्या प्रसंगांना कंटाळलो होतो, तिथे आता जीव वरखाली होत होता. त्यातल्या मुलीचा बाप दारुडा. तेव्हा ते मोठ्यांचं काहीतरी चाललंय म्हणून सोडून दिलेलं. आता तो घरात शिरला की मी सावरून बसत होतो. असे बाप मी पुढे आमच्याच वाडीत बघितले. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या मोसमात त्यांच्या घरची पोरं उशिरापर्यंत आमच्या पडवीत पत्ते खेळत बसायची, आणि आजी त्यांना घरी जा म्हणायची नाही.

मुलं भिंतीवरून चालत छतावर जातात तो प्रसंगही तसाच. त्यासाठी अख्खी खोलीच गोल फिरेल अशी बांधली होती. खोली फिरते, कॅमेरा तिच्याबरोबर फिरतो, पोरं मात्र खालीच चालत असतात. तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. आता डोक्यात भलतंच. कडेला गादी टाकली होती का? कुणी पाय घसरून पडलं तर? आणि ही तिघं दिवसभर एका अनोळखी पोराबरोबर उंडारतायत, घरी कुणी विचारत कसं नाही?

पुतण्या यातलं काही न वाटून घेता मजेत होता. मांत्रिकाला हसला, चेतनवर खूश झाला, आणि भिंतीचा प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघराच्या भिंतीवर, चतुर्थीसाठी नुकत्याच लावलेल्या रंगावर, तांबड्या मातीचे पायाचे ठसे होते. बरेच वरपर्यंत गेलेले. वहिनी कमरेवर हात ठेवून भिंतीपुढे उभी. ‘‘भावजी, असले सिनेमे दाखवूक तुमका कोणी सांगल्यान?’’

मी आधी पुतण्याचे गुडघे तपासले.