दोन बाटल्या

मागच्या महिन्यात ताईकडे वणीला जाऊन आलो. आपल्या सप्तशृंगीची वणी नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातली, कोळशाची. तिच्या शेताच्या बांधापलीकडे खाणीतून उपसलेल्या माती-दगडाचा डोंगरच उभा आहे. तिकडे त्याला 'ओबी' म्हणतात. त्याच्या पायथ्याशी झिरपून नाल्याला मिळणारं पाणी अर्धी बाटली आणि ताईच्या विहिरीचं एक बाटली, असं घेऊन अमळनेरला परतलो.

भरताना दोन्ही नितळ होत्या. घरी पिशवी उघडली तर पहिलीचं पाणी तांबूस, तळाशी गंजासारखा गाळ. माय म्हणाली, "हाई काय शे?"

गंजच तो. कोळशासोबतच्या दगडात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. जमिनीच्या पोटात ते शांत पडून असतं. वर काढून ढीग रचला की हवा-पाणी लागतं, गंधकाचं सल्फेट होतं, आम्ल सुटतं आणि लोखंड विरघळून वाहू लागतं. अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा मिळाली, तसं ते खाली बसलं. बसताना आणखी आम्ल सोडून गेलं. निळा लिटमस लाल झाला.

विहिरीची बाटली मात्र नितळच. लिटमसही बदलला नाही. मी निर्धास्त झालो होतो, पण ताईचं बोलणं डोक्यातून जाईना: "डाळ शिजत नाही रे, साबणाला फेस येत नाही." मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दुसऱ्या दिवशी परीक्षानळीत त्या पाण्यावर बेरियम क्लोराइडचे चार थेंब सोडले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, तरी साका विरघळेना. सल्फेट. वाटेतल्या चुनखडीने आम्ल मारलं, पण त्यापायी कॅल्शियम पाण्यात उतरलं आणि सल्फेट तसंच राहिलं.

आमच्याकडचं विहिरीचं पाणीही जड असतं, पण ते बायकार्बोनेटमुळे. उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, पाणी हलकं होतं. सल्फेटचं जडपण उकळून जात नाही. आणि ताई नातवंडांना रोज पाणी उकळून देते! फार वाईट वाटलं.

पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला 200 मिलीग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर 400. नळीतल्या पांढऱ्या रंगावरून आकडा कळत नाही, म्हणून ताईला नमुना प्रयोगशाळेत द्यायला लावलाय. मृगाचा पहिला पाऊस झाला की पुन्हा एक भरायला सांगितलंय, कारण उन्हाळाभर ढिगावर साठलेले क्षार पहिल्याच सरींत धुऊन खाली उतरतात. बाटलीवर तारीख टाक, असं फोनवर दोनदा बजावलं.