मनाली-लेह सायकलवर: मुक्कामाच्या उंचीचा हिशोब

मनाली-लेह सायकलने करायचं ठरलं तेव्हा पुण्यात जो तो विचारायचा, पायात तेवढा दम आहे का? सिंहगड, वरंधा नेहमी चढणाऱ्याला या रस्त्याचा चढ नवा नाही. ट्रकांसाठी आखलेला रस्ता आहे; गाटा लूप्सची एकवीस वळणंसुद्धा सिंहगडाइतकी उभी नाहीत. कस लागतो तो हवेचा. तांगलांग ला (ला म्हणजे खिंड) ५३२८ मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास. शरीराला त्याची हळूहळू सवय व्हावी लागते. म्हणून मी रोजचे किलोमीटर बाजूला ठेवले आणि कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं, याचाच तक्ता मांडला.

अवघड जागा म्हणजे जिस्पा ते सरचू. जिस्पा सुमारे ३३०० मीटरवर, सरचू ४३०० च्या आसपास, मधे बारालाचा ला. बरेच जण हा टप्पा एका दिवसात उरकतात. मला ते पटत नाही. सरचूत रात्री उंचीच्या त्रासाने डोकं ठणकायला लागलं तर उतरणार कुठे? मागे बारालाचा, पुढे नकी ला आणि लाचुलुंग ला. आम्ही दोघांनी मधे पत्सेओ आणि झिंगझिंगबार असे दोन मुक्काम घेतले. झिंगझिंगबारची उंची सरचूच्या जवळपासच, पण तिथून त्रास झालाच तर सायकल वळवून सरळ दारच्याकडे उतरता येतं.

झिंगझिंगबारला ढाब्याच्या तंबूत राहिलो. हवेचा दाब कमी, त्यामुळे बिस्किटांचे पुडे फुग्यासारखे टम्म झाले होते. गाद्या एकाला एक लागून, रजई जड, झोप तुटक. ढाब्यावरच्या दीदी दर थोड्या वेळाने गरम पाणी पुढे करायच्या, "पीते रहो भैया." सकाळी आमची कसोटी एकच: ताटातलं सगळं जेवण जातंय का? भूक गेली, मळमळ आली, तर वर जायचं नाही. माझ्या जोडीदाराला पराठा जाईना, तेव्हा आम्ही तो दिवस तिथेच काढला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन पराठे मागितले आणि आम्ही उजाडताच निघालो.

लवकर निघायचं दुसरंही कारण होतं. दुपारी बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात. सकाळी पोटरीपर्यंत असलेल्या पाण्यातून सँडल घालून सायकल ढकलत नेता येते. मोजे हँडलच्या पिशवीत कोरडे ठेवायचे, कारण पलीकडे गेल्यावर बोटं काही वेळ आपली वाटत नाहीत.

पांगनंतरच्या मोरे पठारावर रस्ता सपाट, पण दुपारचा समोरचा वारा चढापेक्षा जास्त दमवतो. तांगलांग लावर थोडंच थांबलो. रुम्त्सेला उतरल्यावर जवाची हिरवी शेतं दिसली आणि त्या रात्री गाढ झोप लागली. उपशीपासून लेहपर्यंत सिंधूची सोबत होती, लष्करी ट्रकांचीही.

पुन्हा गेलो तर सप्टेंबरात जाईन. थंडी जास्त, पण नाल्यांना पाणी कमी.